आजार नाही, फक्त एक गोळी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि २००४ पासून आरोग्य विम्याची एजंट म्हणून काम करते. माझे बहुतेक ग्राहक साठीच्या पुढचे आहेत. हुडकेश्वर, सक्करदरा, त्रिमूर्तीनगर, खामला या भागांतली घरं मला पत्त्यावरून नाही, तर कोणाला कोणती गोळी चालू आहे यावरून आठवतात. ज्येष्ठांच्या विम्याबद्दल बातम्या येतात त्या वाढलेल्या हप्त्याच्या किंवा नाकारलेल्या क्लेमच्या. क्लेम नाकारला जाण्याची तयारी मात्र दोन-तीन वर्षं आधी, पॉलिसी विकली जाते त्या वीस मिनिटांत झालेली असते. त्या वीस मिनिटांबद्दल मला लिहायचं आहे.

सक्करदऱ्याच्या एका काकूंपासून सुरुवात करते. वय ७१. यजमान एसटीत ड्रायव्हर होते, ते आता नाहीत. मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला. जून २०२४ मध्ये त्याने आईसाठी फोनवरून पाच लाखांची पॉलिसी घेतली. हप्ता ३८ हजार, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ४५ हजार. मुलगा चांगला आहे, आईची काळजी करणारा आहे, हे आधीच सांगते. रात्री साडेनऊला ऑफिसातून आल्यावर त्याने फोनवरच्या माणसाला आईचं नाव, जन्मतारीख, उंची, वजन सांगितलं. "आईला काही आजार?" असं विचारल्यावर त्याने कॉलवरच आईला घेतलं. पलीकडून हिंदीत प्रश्न आला, "माताजी, कोई बीमारी तो नहीं है ना?" काकू म्हणाल्या, "नाही बापा, देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे." मग मोबाइलवर सहा आकडे आले, मुलाने ते वाचून दाखवले आणि पॉलिसी झाली.

काकूंना नऊ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे.

त्या खोटं बोलल्या का? मी त्यांना नंतर हेच विचारलं. त्या मला म्हणाल्या, "आजार कुठं हाय बाई मले? बीपीची एक गोळी हाय फक्त, सकाळची." हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत शेकडो घरांत ऐकलं आहे. आपल्या माणसांच्या बोलण्यात आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस. जो चालतो, भाजी आणतो, गुरुवारी मंदिरात जातो, तो आजारी कसा? उलट गोळी चालू आहे म्हणजे तब्येत बरी आहे. साखर असते, बीपी असतो, थायरॉइड असतं. ते "असतं", तो "आजार" नसतो. एका काकांना दहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला होता. त्यांनी मला आजार नाही असंच सांगितलं, कारण त्यांच्या मते तो बरा झाला होता. ही माणसं लबाड नाहीत. फॉर्ममधला आजार आणि त्यांच्या बोलण्यातला आजार हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि विकणाऱ्या प्रत्येकाला हे पुरेपूर माहीत असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये काकूंना डेंग्यू झाला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात पाच दिवस राहिल्या. प्लेटलेट खाली गेल्या होत्या. सुरुवातीला कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनेच थेट दवाखान्याला भरायचं, मंजूर झालं. भरती करताना तरुण डॉक्टरने सुनेला विचारलं, "बीपी आहे का? किती वर्षांपासून?" ती घाबरलेली होती. म्हणाली, "असेल दहा वर्षांपासून." डॉक्टरने कागदावर लिहिलं, "के/सी/ओ एचटीएन, दहा वर्षे." म्हणजे रक्तदाबाचा जुना रुग्ण. डॉक्टरांचं काहीच चुकलं नाही, उपचारासाठी त्यांना ते लिहायलाच हवं. पण डिस्चार्जच्या दिवशी तोच कागद कंपनीकडे गेला आणि मंजुरी मागे घेतली गेली. बिल एक लाख चौदा हजार. पंधरा दिवसांनी पत्र आलं की रक्तदाब लपवला म्हणून क्लेम नामंजूर आणि पॉलिसीही रद्द. डास चावून झालेल्या तापाचा आणि बीपीच्या गोळीचा काय संबंध, असं काकू मला विचारत होत्या. कायद्याच्या भाषेत त्याचं उत्तर आहे: विमा हा पूर्ण विश्वासावर उभा असलेला करार आहे, आणि कंपनीने जोखीम घ्यायची की नाही हे ठरवायला लागणारी माहिती तिच्यापासून दडली, तर कंपनी करारच मोडू शकते. हे मी त्यांना समजावून सांगितलं. सांगताना मला त्यांच्या डोळ्यांत बघता आलं नाही, कारण असाच एक फॉर्म मी स्वतः भरलेला आहे.

२००९ सालची गोष्ट. हुडकेश्वर रोडवरचे एक निवृत्त क्लार्क, वय ६२. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं की साखर आहे, गोळी चालू आहे. मी फॉर्म घेऊन कंपनीच्या अधिकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "डायबेटिस लिहिलात तर प्रपोजल परत येईल. शुगर कंट्रोलमध्ये आहे ना? मग कशाला लिहिता?" मार्च महिना होता, टार्गेट बाकी होतं. मी त्या चौकोनात "नाही" अशी खूण केली आणि काकांची सही घेतली. त्यांनी न वाचता सही केली, कारण फॉर्म इंग्रजीत होता आणि मी त्यांच्या ओळखीची होते. दोन वर्षांनी हृदयाचं ऑपरेशन झालं, क्लेम फेटाळला गेला, बेसा भागात घेतलेला प्लॉट त्यांना विकावा लागला. ते मला फक्त एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही तरी काय करणार." त्या दिवसापासून मी एकाही फॉर्मवर खोटी खूण केलेली नाही. पण ते काकांचं नुकसान भरून निघालं नाही, आणि ती खूण माझ्या हातची होती.

तेव्हा नियम नव्हता असं नाही. एजंटांसाठीच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे की ग्राहकाला प्रस्तावात चुकीची माहिती द्यायला प्रवृत्त करायचं नाही, आणि जोखमीशी संबंधित जे काही माहीत असेल ते कंपनीला कळवायचं. नियम आहे, पुरावा नाही. मी काय विचारलं, काकांनी काय सांगितलं, याची कुठेच नोंद नव्हती. कागदावर होती ती त्यांची सही. आता सहीच्या जागी ओटीपी आला आहे. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना वाटतं ओटीपी म्हणजे गॅसच्या सिलेंडरसाठी सांगायचा नंबर. विम्यात ते सहा आकडे म्हणजे "वरची सगळी उत्तरं माझी आहेत, मी ती वाचली आहेत" अशी सही असते. हे त्यांना कोणी सांगत नाही.

विमा नियामकाने, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयने, गेल्या दोन-तीन वर्षांत ज्येष्ठांसाठी खरंच चांगलं काम केलं आहे, आणि ते मी प्रत्येक घरी आवर्जून सांगते. पूर्वी कंपन्यांना ६५ वर्षांपर्यंतच्या माणसाला दार उघडं ठेवणं भाग होतं, त्यापुढे त्यांची मर्जी. १ एप्रिल २०२४ पासून सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवाव्या लागतात. आधीपासून असलेल्या आजारासाठीची थांबण्याची मुदत, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ४८ महिने होती, ती ३६ वर आली. पॉलिसी सलग ८ वर्षं चालली की मग माहिती लपवल्याचं कारण काढता येत नसे. ती मुदत आता ५ वर्षांवर आली, सिद्ध झालेली फसवणूक तेवढी सोडून. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, उशीर झाला तर वाढलेलं बिल कंपनीच्या अंगावर. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. त्या दिवशी मी सकाळपासून सगळ्या रिन्युअलवाल्यांना फोन करत होते. एका आजीने आनंदाने मला घरी बोलावून पोहे खाऊ घातले.

तरीही आकडेमोड ज्येष्ठांच्या बाजूने करून बघा. दर वर्षी १० टक्के वाढ नियमात बसते. ४० हजारांचा हप्ता याच गतीने सात वर्षांत ७८ हजारांच्या घरात जातो. माझ्या ग्राहकांत बंद पडलेल्या एम्प्रेस मिलमधून बाहेर पडलेले लोक आहेत, लहान कारखान्यांतले ईपीएस-९५ चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचे, पेन्शनर आहेत. त्या योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. त्यांचा हप्ता मुलं भरतात, आणि मुलाची नोकरी गेली की पॉलिसी जाते. पाच वर्षांच्या मुदतीचंही तसंच. पस्तिशीतल्या माणसासाठी पाच वर्षं काहीच नाहीत. ७२ व्या वर्षी पॉलिसी घेणारा मात्र ७७ पर्यंत संशयाखाली राहतो. म्हणूनच त्याच्या बाबतीत पहिल्या दिवशीचा फॉर्म बरोबर असणं हे तरुणापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. दार उघडलं, पण उंबरठ्यावरच पाय अडकतोय, अशी आज स्थिती आहे.

पाय कसा अडकतो ते आतून सांगते, कारण बाहेरच्याला ते दिसत नाही.

माणसाने साखर, बीपी, जुना स्टेंट खरं सांगितलं की काय होतं? तपासण्या लागतात, हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जोखमीचा जादा आकार, लागतं, कधी को-पे वाढतो, म्हणजे प्रत्येक बिलातला ठरलेला हिस्सा आपल्या खिशातून, आणि कधी थेट नकार येतो. सर्व वयोगटांसाठी पॉलिसी ठेवा असा नियम आहे; अमुक माणसाला द्याच असा नाही. नकार आला की एजंटचे चार हेलपाटे वाया जातात. चाळीस हजारांच्या हप्त्यावर मला पाच-सहा हजार मिळतात. घर त्यावर चालतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय माझ्यासारखी वैयक्तिक एजंट एक जीवन विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक फक्त आरोग्य विम्याची कंपनी, एवढ्यांचंच काम करू शकते. माझ्या कंपनीने मधुमेही ज्येष्ठ नाकारला आणि दुसरीकडे त्याच्यासाठी खास योजना असली, तरी ती मी विकू शकत नाही. मी पत्ता सांगते आणि परत येते. फोनवरून विकणाऱ्या मुलांना तर तेवढाही वेळ नसतो. बावीस-तेवीस वर्षांची ती पोरं, समोर घड्याळ आणि आकडा. त्यांच्यावर मला राग काढायचा नाही. "कोई बीमारी तो नहीं है ना?" या प्रश्नातच उत्तर भरून दिलेलं आहे आणि तो प्रश्न त्यांना कोणीतरी लिहून दिलेला आहे.

विक्रीच्या वेळचं संभाषण ध्वनिमुद्रित होतं. काकूंच्या मुलाने ते दोनदा मागितलं. अजून मिळालेलं नाही. कंपनीच्या पत्रात मात्र "ध्वनिमुद्रणात आपण आजार नसल्याचे सांगितले" असं वाक्य आहे.

आणि एक चूक आपली, घरच्यांची. पुणे, हैदराबाद, बंगळुरू, अमेरिकेत गेलेली मुलं आई-बाबांचा विमा रात्री मोबाइलवर ऑनलाइन काढतात. प्रेमापोटीच काढतात. पण बाबांना कोणती गोळी चालू आहे हे त्यांना माहीत नसतं, कारण बाबांनी ते फोनवर कधी सांगितलेलंच नसतं. मुलगा काळजी करेल म्हणून आई साखर वाढलेली सांगत नाही, आणि मुलगा आईला त्रास नको म्हणून न विचारता "नाही, नाही, नाही" अशा खुणा करत जातो. दोघांचं एकमेकांवरचं प्रेम त्या फॉर्ममध्ये खोटं होऊन बसतं. नागपुरातली निम्मी घरं आता अशीच आहेत, खाली दोघं म्हातारे आणि वरचा मजला बंद. या मुलांना माझं हात जोडून सांगणं आहे की पॉलिसी घेण्याआधी एकदा व्हिडिओ कॉल लावा आणि आईला औषधांचा डबा कॅमेऱ्यासमोर उघडायला सांगा.

तो डबा हेच माझं हत्यार आहे. हुडकेश्वरच्या काकांच्या त्या प्रकरणानंतर मी "आजार आहे का" हा प्रश्न विचारणंच सोडून दिलं. घरात गेले की म्हणते, "काकू, तुमचा औषधाचा डबा आणा." कोणाकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो, कोणाकडे शिवणाचा, एका काकांकडे जुन्या रेडिओचं खोकं आहे. मग एकेक पाकीट बाहेर काढून ही कधी, कशासाठी, कोणत्या डॉक्टरने आणि कोणत्या साली सुरू केली ते विचारते. गोळ्या संपल्या की पुढचे प्रश्न: कधी सुई टोचून रक्त तपासलं का? दवाखान्यात एक रात्र तरी राहिलात का? मोतीबिंदू, हर्निया, गर्भाशय, मूळव्याध, काही कापाकापी झाली का? मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केस-पेपर काढला होता का? छातीचा फोटो, ईसीजी कधी काढला? बाळंतपणात साखर वाढली होती का? या प्रश्नांना "आजार" हा शब्द लागतच नाही, आणि सगळं बाहेर येतं. तास-दीड तास जातो. त्या वेळात चहा होतो, नातवंडांचे फोटो बघून होतात, आणि फॉर्म खरा होतो. नकारही जास्त येतात. पण ज्यांची पॉलिसी झाली, त्यांचा क्लेम आजार लपवला म्हणून परत आल्याचं गेल्या पंधरा वर्षांत मला आठवत नाही.

खरं लिहिलेल्या फॉर्मच्या पाठीशी सर्वोच्च न्यायालयही उभं आहे. डिसेंबर २०२१ मधल्या मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात अमेरिकेत विमानतळावर हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाचा परदेश प्रवासाचा विमा नाकारला होता. त्यांनी मधुमेह सांगितलेला होता. न्यायालयाने म्हटलं की सांगितलेल्या आजाराचा विचार करून एकदा पॉलिसी दिल्यावर तोच आजार पुढे करून क्लेम नाकारता येणार नाही. मी हे प्रत्येक घाबरणाऱ्या काकांना सांगते. खरं सांगून हप्ता वाढला तरी चालेल, कारण सांगितलेली गोष्ट पुढे तुमची ढाल होते.

माझं मागणं नियामकाकडे आहे, आणि ते मोठं नाही. साठीच्या पुढच्या माणसाचा प्रस्ताव असेल तर आरोग्याचे प्रश्न त्याच्या भाषेत, मराठीत, गोळ्यांपासून सुरू होणारे असावेत. भरलेली उत्तरं मोठ्या अक्षरांत, एका कागदावर, पोस्टाने त्या माणसाच्या घरी जावीत, मुलाच्या ई-मेलवर नाही. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याची मुभा आहेच. त्याच ३० दिवसांत उत्तर दुरुस्त करण्याची मुभाही हवी, आणि "दुरुस्ती केली म्हणून लबाड" असा शिक्का नको. विक्रीचं ध्वनिमुद्रण ग्राहकाने मागितलं की ठरलेल्या दिवसांत द्यावं. मराठीचं म्हणाल तर एक पायवाट आधीच आहे. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळायला हवं. मी घरोघरी विचारते, मराठीत मागितलं का? असं मागता येतं हेच कोणाला माहीत नसतं. मागितल्यावर देण्याऐवजी ज्येष्ठांना न मागता द्या. बीपी-साखरेसारखी गोष्ट नंतर सापडली तर पॉलिसी रद्द करण्याऐवजी कमी पडलेला हप्ता वसूल करून ती पुढे चालू ठेवण्याची सोय काही पॉलिसींच्या शर्तींत मी वाचली आहे. ती सगळ्यांना सक्तीची करावी.

याने हप्ते वाढतील, असं कंपनीतले लोक मला म्हणतात. वाढोत. न मिळणाऱ्या विम्याचा स्वस्त हप्ता कोणाच्या कामाचा?

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण इथेही विकणारे चुकीचं सांगतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांसाठी मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. खासगी पॉलिसी असली तरी ते कार्ड काढता येतं. सक्करदऱ्याच्या काकूंना मात्र सांगितलं गेलं होतं की दोन्ही चालत नाही, म्हणून त्यांनी कार्ड काढलंच नाही. ते हातात असतं तर यादीतल्या एखाद्या दवाखान्यात डेंग्यूच्या पाच दिवसांचा प्रश्नच आला नसता. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांवाल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. कामठी आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला अशी पुष्कळ कुटुंबं आहेत, त्यांनी विचार करूनच ठरवावं. या कार्डावर मला एक पैसा मिळत नाही. तरी मी ते आधी काढायला लावते आणि मगच पॉलिसीचं बोलते.

काकूंच्या प्रकरणात आम्ही आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत समाधान झालं नाही, म्हणून विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या विमा लोकपालांकडे गेलो. आपलं नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. अंतर ऐकून काकूंचा धीर सुटला होता, पण अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणी अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, कारण कागदावर काकूंच्या नावापुढे "नाही" असंच लिहिलेलं आहे. आम्ही डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे की डेंग्यूचा रक्तदाबाशी संबंध नव्हता. सुनेचं पत्र जोडलं आहे की दहा वर्षं हा तिचा घाबरून केलेला अंदाज होता. आणि काकूंनी स्वतः, मराठीत, वहीच्या कागदावर एक पान लिहिलं आहे. त्यात एक ओळ आहे, "मला गोळी विचारली असती तर मी गोळी सांगितली असती." मी ती ओळ बदलू दिली नाही.

दवाखान्याचे एक लाख चौदा हजार काकूंनी बांगड्या मोडून आणि मुलाकडून घेऊन भरले. आता पॉलिसी नाही. ७१ व्या वर्षी, "पूर्वी पॉलिसी रद्द झाली होती का?" या प्रश्नाला "हो" असं लिहून नवीन प्रस्ताव द्यायचा आहे. पहिला नकार आला आहे. दुसऱ्या कंपनीचं उत्तर यायचं आहे. वय वंदना कार्ड मात्र गेल्या महिन्यात काढून झालं.

मी घरोघरी विचारते ते सगळे प्रश्न एका पानावर मराठीत लिहून या पत्रासोबत पाठवले आहेत. एकूण एकोणीस आहेत. आपल्या दैनिकात जागा असेल तर ते पान छापावं, म्हणजे ज्यांच्या घरी या महिन्यात रिन्युअल किंवा नवीन पॉलिसी आहे, त्यांना औषधाचा डबा समोर ठेवून आधी ते भरता येईल आणि मग फोन उचलता येईल. अक्षरं जरा मोठी ठेवावीत ही विनंती.

आपली विश्वासू,
एक विमा प्रतिनिधी,
मानेवाडा, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)